पँथर का उठले, का विखुरले

बहात्तर साल म्हटले की आपल्या घरातल्या बुजुर्गांना दुष्काळ आठवतो. कोरड्या विहिरी, सुकडी, लाल मिलोच्या भाकरी आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडायची कामे. त्याच १९७२ च्या उन्हाळ्यात मुंबईत काही तरुण कवी-लेखकांनी एक संघटना काढली, दलित पँथर. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीवरून घेतले होते. दुखणे मात्र इथलेच होते.

आज हा विषय घेण्याचे कारण आपल्या मुलांच्या मोबाइलमध्ये आहे. काळी जाकिटे, काळ्या टोप्या आणि हातात बंदूक घेतलेल्या अमेरिकन तरुणांचे जुने फोटो हल्ली स्टेटसला दिसतात. खाली जुल्माविरुद्ध काहीतरी जोशपूर्ण ओळ असते. पोरांना तो रुबाब आवडतो. पण त्या फोटोनंतर काय झाले, ती माणसे कशाने मोठी झाली आणि कशाने संपली, हे त्यांना कुणी सांगत नाही. ते आपण सांगायला हवे, कारण तो राग आपल्या घरांतही आहे.

ऑकलंडची कहाणी

ब्लॅक पँथर पार्टी ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड शहरात ह्युई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी स्थापन केली. दोघांची ओळख कॉलेजातली. दीड वर्षापूर्वी, २१ फेब्रुवारी १९६५ रोजी, माल्कम एक्स यांचा न्यूयॉर्कमध्ये भर सभेत खून झाला होता. हे तेच माल्कम एक्स, जे १९६४ मध्ये हजला गेले आणि तिथे गोरे, काळे, सगळ्या रंगांचे लोक एका दस्तरखानावर बसलेले पाहून ज्यांचे विचार बदलले. न्यूटन आणि सील स्वतःला त्यांचे वारस मानत. हजनंतरचा माल्कम मात्र त्या पिढीला फार थोडा काळ मिळाला.

काळ्या बिबट्याचे चिन्ह त्यांनी अलाबामा राज्यातल्या एका काळ्या लोकांच्या पक्षाकडून घेतले. त्यामागचा विचार असा की हा प्राणी आपणहून हल्ला करत नाही, पण कोपऱ्यात कोंडला तर सोडत नाही. टिपेश्वरच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या आपल्या केळापूर तालुक्यातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

काळ्यांच्या वस्तीत पोलीस वाटेल त्याला अडवत, मारत. तेव्हाच्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार भरलेली बंदूक उघडपणे बाळगता येत असे. न्यूटनने कायद्याची पुस्तके वाचली होती. पँथरचे तरुण बंदुका आणि कायद्याचे पुस्तक घेऊन पोलिसांच्या गाडीमागे जात आणि पोलीस कुणाला अडवू लागले की ठरावीक अंतरावर उभे राहून पाहत. सरकारने कायदाच बदलायला घेतला. त्याच्या निषेधात मे १९६७ मध्ये पँथर सशस्त्र अवस्थेत राज्याच्या विधानभवनात शिरले. फोटो जगभर गेले. त्याच वर्षी नवा कायदा झाला आणि त्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली. म्हणजे बंदुकीने प्रसिद्धी मिळाली आणि काही महिन्यांतच कायद्याची ती वाटही बंद झाली.

पण संघटना वस्तीत रुजली ती वेगळ्याच कामाने. जानेवारी १९६९ मध्ये ऑकलंडच्या एका चर्चमध्ये त्यांनी शाळकरी मुलांसाठी मोफत नाश्ता सुरू केला. उपाशी पोटी मूल शिकत नाही, ही साधी गोष्ट. शाळेत खिचडी येण्याआधीचे दिवस ज्या शिक्षकांनी पाहिले, त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. वर्षभरात अनेक शहरांत हजारो मुले शाळेआधी तिथे खाऊ लागली. मग मोफत दवाखाने आले, सिकलसेलची तपासणी आली. सिकलसेल हा शब्द विदर्भात कुणाला नवा नाही.

अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेचे प्रमुख एडगर हूव्हर यांनी १९६९ मध्ये पँथरना देशाच्या अंतर्गत सुरक्षेचा सर्वांत मोठा धोका ठरवले. त्याच वर्षी आपल्या कार्यालयांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी मुलांच्या नाश्त्याला पँथरचे सर्वांत प्रभावी आणि म्हणून सर्वांत धोकादायक काम म्हटले. लोकांचा विश्वास कशामुळे मिळतो हे त्यांच्या शत्रूने बरोबर ओळखले होते.

पुढचे वाचताना मन सुन्न होते. शिकागोत फ्रेड हॅम्प्टन नावाचा एकवीस वर्षांचा तरुण पँथरचे नेतृत्व करत होता. त्याने पोर्तो रिकोहून आलेल्या लोकांची संघटना आणि गरीब गोऱ्यांची संघटना यांना बरोबर घेऊन एक आघाडी उभी केली. त्याचा अंगरक्षक आणि सुरक्षा प्रमुख असलेला विल्यम ओनील हा एफबीआयचा खबऱ्या होता. त्यानेच घराचा नकाशा पुरवला. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी घरावर छापा घातला. नव्वदच्या आसपास गोळ्या पोलिसांकडून सुटल्या, आतून फार तर एक. हॅम्प्टन आपल्या बिछान्यातच मारला गेला. मार्क क्लार्क हा त्याचा साथीही गेला. कुटुंबीयांनी बरीच वर्षे खटला लढवला. शेवटी सरकारी यंत्रणांनी १८ लाख ५० हजार डॉलर भरपाई देऊन तो मिटवला.

पण सगळा दोष बाहेरच्यांवर टाकून चालत नाही. न्यूटन ऑकलंडला होता आणि एल्ड्रिज क्लीव्हर हा दुसरा नेता अल्जीरियात परागंदा होता. एफबीआयने दोघांना एकमेकांविरुद्ध खोटी पत्रे पाठवली. दोघांनी त्यांवर विश्वास ठेवला, कारण संशय आधीच होता. १९७१ मध्ये पार्टी दुभंगली आणि कालचे साथी एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. बॉबी सील १९७३ मध्ये ऑकलंडच्या महापौरपदासाठी लढला आणि दुसऱ्या क्रमांकावर राहिला. क्लीव्हर पुढे रेगन यांच्याच रिपब्लिकन पक्षात गेला. न्यूटन अमली पदार्थांच्या आहारी गेला. पार्टीची एक नावाजलेली शाळा होती. तिचाही सरकारी निधी खाल्ल्याच्या प्रकरणात त्याला १९८९ मध्ये शिक्षा झाली. १९८२ मध्ये ती शाळा बंद पडली आणि तिच्याबरोबर पार्टीही. २२ ऑगस्ट १९८९ रोजी ऑकलंडच्याच रस्त्यावर न्यूटनचा खून झाला.

मुंबईचे पँथर

अमेरिकेतल्या काळ्यांशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केले. शाळेतून काढलेल्या लहानग्या जोतीला पुन्हा शाळेत घालावे, असे त्याच्या वडिलांना पटवून देणाऱ्यांमध्ये फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी होते. हे आपल्या मुलांना जरूर सांगा. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य मांडले होते.

१९७० मध्ये एल्यापेरुमल समितीचा अहवाल संसदेपुढे आला. देशभर दलितांवर होणारे अत्याचार त्यात नोंदले होते. महाराष्ट्रातूनही बातम्या येत होत्या. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दोन दलित महिलांची विटंबना झाली. पुणे जिल्ह्यातल्या बावडा गावात दलितांवर बहिष्कार पडला. बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ मध्ये स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष गटातटांत फुटला होता. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले, अर्जुन डांगळे, अविनाश महातेकर अशी ही पोरे पुढाऱ्यांवर चिडलेली होती. ढसाळ मुंबईच्या गोलपिठ्यात वाढलेले, टॅक्सी चालवून पोट भरणारे कवी.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देश स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव साजरा करत असताना 'साधना'मध्ये राजा ढाले यांचा लेख आला. दलित स्त्रीची अब्रू घेणाऱ्याला पन्नास रुपये दंड आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे, अशी तुलना त्यांनी केली. केवढा गहजब झाला! पण त्या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हते.

अमेरिकन पँथरांच्या हाती बंदूक होती. आपल्या पँथरांचे हत्यार लेखणी, सभा आणि मोर्चा हे होते. अत्याचाराची बातमी आली की ते त्या गावात जात, तक्रार नोंदवून घ्यायला लावत, मंत्र्यांना जाब विचारत. अकोला जिल्ह्यात गवई बंधूंचे डोळे काढण्यात आले, तेव्हा ते प्रकरण त्यांनी दिल्लीपर्यंत पोहोचवले. आजवर मुकाट राहणाऱ्या गावकुसाबाहेरच्या माणसाला आपल्यासाठी कुणी धावून येईल असा आधार वाटू लागला.

जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक होती. पँथरने बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या सभेवर दगडफेक झाली आणि दंगल पेटली. पोलिसांच्या लाठ्या बीडीडी चाळींतल्या दलित घरांवर पडल्या. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव हा तरुण वरून टाकलेल्या दगडाने मरण पावला. त्या निवडणुकीत काँग्रेसचा उमेदवार पडला. दीड वर्षाच्या पोरांच्या संघटनेने सत्ताधाऱ्यांना हिसका दाखवला होता.

आपला कोण?

नेमकी इथूनच उतरण लागली. १९७३ मध्ये ढसाळांनी पँथरचा जाहीरनामा लिहिला. त्यात दलित शब्दाचा अर्थ फार मोठा केला होता. अनुसूचित जाती-जमाती आणि बौद्ध तर त्यात होतेच. भूमिहीन मजूर, गरीब शेतकरी, कामगार, स्त्रिया आणि धर्माच्या नावावर ज्यांचे शोषण होते असे सगळे त्यात सामावले होते. या व्याख्येत केळापूरचा कोलाम शेतमजूर बसत होता, मालेगावचा मोमीन विणकरही बसत होता.

ढाले आणि पवार यांना हे मान्य नव्हते. हा मार्क्सवाद आहे, यात जातीचे दुःख वर्गाच्या गर्दीत हरवेल आणि कम्युनिस्ट ही चळवळ गिळतील, अशी त्यांची भीती होती. ती भीती पोकळ नव्हती. ज्याने अस्पृश्यता सोसली त्याला तुझे दुःख आणि गिरणी कामगाराचे दुःख एकच, असे सांगितले तर त्याला लागणारच. दोन्ही बाजूंत तथ्य होते. असा प्रश्न चार दिवस बसून, मशवरा करून सुटला असता. पण तो वर्तमानपत्रांतून लढला गेला, एकमेकांच्या नियतीवर शंका घेतल्या गेल्या आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये आपल्या नागपुरात ढसाळांना काढून टाकण्यात आले. रिपब्लिकन नेत्यांच्या फाटाफुटीला विटून निघालेली संघटना अडीच वर्षांत स्वतः फुटली.

पुढे आणीबाणी आली. ढसाळांनी इंदिरा गांधींना पाठिंबा दिला. मार्च १९७७ मध्ये ढाले आणि पवार यांनी दलित पँथर बरखास्त केल्याचे जाहीर केले. त्यानंतर अरुण कांबळे, रामदास आठवले, गंगाधर गाडे आदींनी भारतीय दलित पँथर काढली आणि मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा लढवला. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने ठराव केला तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, माणसे मेली. नाव मिळाले १४ जानेवारी १९९४ रोजी. ढसाळ पुढे शिवसेनेच्या 'सामना'त लिहू लागले. आठवले आज भाजपबरोबर केंद्रात राज्यमंत्री आहेत.

घराच्या आत

ही कहाणी एका मुस्लिम नावाशिवाय अपुरी राहते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजाने मैदाने भरत, ते शाहीर अमर शेख मूळचे बार्शीचे, नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख कवयित्री. अगदी कोवळ्या वयात त्यांचे ढसाळांशी लग्न झाले. १९८४ मध्ये त्यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मचरित्र लिहिले. जगाच्या अन्यायाविरुद्ध गर्जना करणाऱ्या माणसाच्या घरात आपल्याला मारहाण, आजारपण आणि एकटेपण कसे सोसावे लागले, हे त्यांनी काही न लपवता लिहिले. लोकांना ते आवडले नाही. चळवळीची बदनामी होते, असे म्हटले गेले.

ऑकलंडलाही हेच घडले. सत्तरच्या दशकात पार्टीचे दवाखाने, शाळा, हिशेब मुख्यतः बायका सांभाळत होत्या. न्यूटन देशाबाहेर पळाला तेव्हा १९७४ पासून एलेन ब्राउन या महिलेने पार्टी चालवली. १९७७ मध्ये कॅलिफोर्निया विधिमंडळाने पार्टीच्या शाळेचा गौरव केला. त्याच वर्षी शाळेचे प्रशासन पाहणाऱ्या एका बाईला पार्टीतल्याच पुरुषांनी जबर मारले आणि परत आलेल्या न्यूटनने त्यांची पाठराखण केली. एलेन ब्राउन पार्टी सोडून गेल्या. त्यानंतर शाळा कशीबशी पाच वर्षे चालली.

कुरआनने सूरह निसामध्ये न्यायावर ठाम राहायला सांगताना स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध आणि नातलगांविरुद्ध साक्ष द्यावी लागली तरी द्या, असे बजावले आहे. आपण ही शिकवण बहुधा न्यायालयापुरती समजतो. ती संघटनेलाही लागू आहे आणि स्वयंपाकघरालाही. पोलिसाने मारलेली लाठी जुल्म असेल तर बायकोवर उचललेला हात वेगळा कसा?

आपल्या घरांसाठी

आज आपल्या मुलांना राग येण्याची कारणे आहेत. जमावाने कुणाला मारल्याचे व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोहोचतात. भाड्याने खोली मागायला गेल्यावर नाव विचारून मिळालेला नकार त्यांना कळतो. घरात हा विषय निघाला की आपण म्हणतो, गप्प बस, अभ्यास कर. त्यामागे आपली काळजी असते. पण गप्प केलेला मुलगा खोलीत जाऊन मोबाइल उघडतो आणि तिथे त्याच्याशी बोलायला अनोळखी माणसे तयार असतात. म्हणून त्याचा राग आधी ऐकून घ्या. जुल्माला जुल्म म्हणा. मग त्याला हॅम्प्टनच्या सुरक्षा प्रमुखाची गोष्ट सांगा. ज्या गटात कुणी हत्याराची भाषा करतो, कायदा मोडण्याचा सल्ला देतो, तिथून त्याच मिनिटाला उठायचे. तो माणूस मूर्ख असो की खबऱ्या, किंमत आपल्या पोराने आणि त्याच्या आईने मोजायची असते. इस्लामने निरपराध जिवाला हात लावणे हराम केले आहे, हे तर सर्वांच्या वरचे.

रागाचे करायचे काय, याचे उत्तर पँथरांच्या चांगल्या दिवसांत आहे. ऑकलंडचा नाश्ता आणि मुंबईच्या पोरांचे गावोगाव जाऊन तक्रार नोंदवायला लावणे, दोन्ही कामे रोजची होती. आपल्या मोहल्ल्यात अशी कामे पडून आहेत. ओबीसी यादीतल्या आपल्या बिरादऱ्यांच्या मुलांचे जातीचे दाखले वेळेवर काढून देणे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणे, एफआयआर कशी नोंदवायची आणि माहितीचा अर्ज कसा करायचा हे शिकून घेणे, दहावीच्या मुलींसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवणे. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला यातले एक काम सोपवून पाहा. त्याला आपण उपयोगी आहोत असे वाटले पाहिजे.

असे चार तरुण मिळून मंडळ काढतील तेव्हा मोठ्यांनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा. पैशाचा हिशेब दर महिन्याला मशिदीच्या नोटीस बोर्डावर लागावा. वाद झाला तर तो व्हॉट्सअॅपवर न नेता समोरासमोर बसून मशवऱ्याने मिटवावा. कुरआनात एका सूरहचे नावच शूरा आहे, ते उगाच नाही. आणि निर्णय घेणाऱ्यांत बहिणी असाव्यात, नुसत्या चहा करणाऱ्यांत नव्हे.

आणखी एक. आपल्या गावात बौद्ध वस्ती आहे, कोलामांचा पोड आहे. त्यांच्यावर अन्याय झाला त्या दिवशी आपण कुठे असतो? त्या जाहीरनाम्याने पन्नास वर्षांपूर्वी आपल्यालाही आपले मानले होते. तो अर्थ त्यांच्यातल्या भांडणात विस्कटला हे खरे. पण त्या हाकेला आपल्या बाजूने किती जण गेले, हेही घरी बसून विचारण्यासारखे आहे. शेजारच्या वस्तीतली मुलगी छेडली गेली तर तिच्या वडिलांबरोबर ठाण्यात जाऊन उभे राहायला कुठल्या संघटनेचे सदस्यत्व लागत नाही.

पँथर संपले, पण त्यांच्यामुळे दलित साहित्य घरोघरी पोहोचले, एका विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले आणि गावातल्या पाटलासमोर मान वर करून बोलणारी एक पिढी तयार झाली. अल्लाह आपल्या मुलांच्या रागाला इन्साफची वाट दाखवो आणि तो राग ऐकून घेण्याचे सब्र आपल्याला देवो. आमीन.